खाऱ्या विहिरीचे पाणी गोडे करावे काय?



दिवाळीपर्यंत गोडी असलेली विहीर शिमग्यानंतर मचूळ लागू लागते आणि वैशाखात तर तिचे पाणी जनावरेही नाइलाजाने पितात, हा अनुभव किनारपट्टीवर नवीन नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत समुद्र आणि खाड्यांच्या काठी वसलेल्या वाड्या-आगरांत तो थोड्याफार फरकाने सगळीकडे येतो. पूर्वी रहाटाने किंवा मोटेने पाणी काढले जाई, तेव्हा उपसा मर्यादित असे. विजेचे पंप आले, बोअर खोल गेल्या, टँकर भरू लागले आणि विहिरी खाऱ्या होण्याचे प्रमाण वाढले.

अशा वेळी बागायतदारांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : "पायाखाली एवढे खारे पाणी आहे, तर यंत्र बसवून तेच गोडे का करू नये?" प्रश्न रास्त आहे. जगात अनेक ठिकाणी तसे केले जाते आणि त्याचे तंत्र आता पुरेसे माहितीचे झाले आहे. परंतु हा खर्चाचा मामला आहे, आणि चुकीच्या जागी केला तर स्वतःचीच नव्हे तर शेजाऱ्याचीही विहीर कायमची बिघडू शकते. म्हणून यंत्राची चौकशी करण्यापूर्वी पुढील माहिती शांतपणे वाचावी.

विहीर खारी का होते?

किनाऱ्यालगत जमिनीखाली दोन प्रकारचे पाणी असते. वर पावसाने मुरलेले गोडे पाणी आणि त्याखाली समुद्राकडून आत शिरलेले खारे पाणी. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. त्यामुळे दुधावर साय राहावी तसे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. दोहोंच्या मधल्या सीमेवर थोडा मचूळ पाण्याचा थर असतो.

हॉलंड आणि जर्मनीतील अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या प्रारंभी या सीमेचा एक साधा हिशेब मांडला. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी वर, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत समुद्रसपाटीखाली गोडे पाणी मिळते. म्हणजे विहिरीतील पाणी समुद्रपातळीपेक्षा ५० सें.मी. वर असेल, तर खाली सुमारे २० मीटरपर्यंत गोडे पाणी असावे. आता हाच हिशेब उलट करून पाहा. उपशामुळे पातळी ३० सें.मी. ने उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ३० सें.मी. नव्हे, तर १२ मीटर वर येऊ शकते! हातभर पाणी जादा उपसल्याची किंमत अशी मोजावी लागते.

शिवाय पंप चालू असताना विहिरीच्या अगदी खाली खारे पाणी उलट्या नरसाळ्यासारखे वर खेचले जाते. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी सकाळी पंप सुरू केला की पहिला अर्धा तास पाणी गोडे आणि नंतर मचूळ येते. अशा वेळी "बोअर आणखी खोल घेऊ" हा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये. खोल जाणे म्हणजे खाऱ्या पाण्याच्या अधिक जवळ जाणे होय.

हा ४० पटींचा हिशेब वाळूच्या पुळणीत बऱ्यापैकी लागू पडतो. जांभा आणि काळा कातळ यांत पाणी भेगांतून वाहते. तेथे एखादी भेग थेट खाडीला मिळालेली असली, तर एक विहीर खारी आणि शंभर पावलांवरची गोडी, असेही आढळते. त्यामुळे हिशेबाला प्रत्यक्ष तपासणीची जोड हवीच.

आधी पाणी तपासा

पाण्याचा खारेपणा त्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. तिचे एकक डेसीसायमन प्रति मीटर असे आहे. या आकड्याला ६४० ने गुणले की एक लिटर पाण्यात साधारण किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत ते समजते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५,००० मि.ग्रॅ., म्हणजे ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ही मात्रा ५०० मि.ग्रॅ. पर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसल्यास फार तर २,००० मि.ग्रॅ. पर्यंत चालते.

तक्ता १ : सिंचनाच्या पाण्याची प्रतवारी (विद्युतवाहकता, डेसीसायमन प्रति मीटर)

०.७ पेक्षा कमी : बहुतेक पिकांना निर्धोक
०.७ ते ३.० : पीक, जमीन व निचरा पाहून वापरावे
३.० पेक्षा जास्त : फक्त क्षार सहन करणाऱ्या पिकांना, उत्तम निचरा असल्यासच

तक्ता २ : उत्पादनात घट न येता पिके सहन करू शकतात अशी पाण्याची विद्युतवाहकता

घेवडा : ०.७
मिरची : १.०
कोबी : १.२
टोमॅटो, काकडी : १.७
भात : २.०
बीट : २.७

नारळ व चिकू ही झाडे बऱ्यापैकी खारेपणा सोसतात, आंबा मात्र फारसा सोसत नाही. तेव्हा आपल्या विहिरीचा आकडा २ असेल आणि वाडीत नारळच असतील, तर यंत्राची गरजच नाही. ठिबक, आच्छादन, शेणखत आणि चांगला निचरा एवढ्याने काम भागते. गुरांनाही माणसाइतके गोडे पाणी लागत नाही. ५ डेसीसायमनपर्यंतचे पाणी ती सहसा विनातक्रार पितात.

नमुना घेताना एक काळजी घ्यावी. वरवरचे पाणी बादलीने काढून दिले, तर खरे चित्र समजत नाही. एका बाटलीला दगड बांधावा, तिच्या बुचाला वेगळी दोरी लावावी, बाटली तळाशी सोडून मग बूच ओढावे. अशा रीतीने वरचा व तळाचा असे दोन नमुने वेगवेगळे घ्यावेत. वर्षातून तीन वेळा, म्हणजे पावसाळा संपल्यावर, जानेवारीत आणि मे महिन्यात तपासणी करावी. शक्य झाल्यास भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळी पाहावे. आकडे वहीत लिहून ठेवावेत. ही वही पुढे कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

खारे पाणी गोडे कसे होते?

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्या वेळाने त्यांना पाणी सुटते. फोडीतले पाणी पेशींच्या पातळ पडद्यातून बाहेरच्या मिठाकडे जाते. यालाच परासरण म्हणतात. खाऱ्या जमिनीत उभे पीक पाण्यात असूनही सुकते, त्याचे कारणही हेच. मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते.

आता खाऱ्या पाण्याच्या बाजूने पुरेसा जोर लावला, तर पाणी उलट दिशेने, म्हणजे खाऱ्याकडून गोड्याकडे जाऊ लागते आणि क्षार मागे राहतात. ही झाली उलट परासरणाची, म्हणजेच आर.ओ. ची पद्धत. १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी या कामी टिकेल असा पडदा तयार केला. त्यावर आधारित पहिला गावाच्या उपयोगाचा संच १९६५ साली त्याच राज्यातील कोलिंगा येथे सुरू झाला, आणि त्याला पुरवलेले पाणी समुद्राचे नव्हते, जमिनीखालचे मचूळ पाणी होते. आपल्या देशात भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने या पडद्यांवर दीर्घकाळ काम केले आहे.

किती जोर लावावा लागतो, हे पाण्याच्या खारेपणावर अवलंबून असते. समुद्राच्या पाण्यासाठी साधारण ५५ ते ६५ बार दाब लागतो. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो. मचूळ पाण्यासाठी १० ते २० बार पुरतात. म्हणून विजेचा खर्चही वेगळा येतो. हजार लिटर गोड्या पाण्यासाठी समुद्राच्या पाण्याला सुमारे ३ ते ४ युनिट, तर मचूळ पाण्याला साधारण १ ते २ युनिट वीज लागते. विहिरीतून पाणी वर उचलण्याची वीज वेगळी.

साखर कारखान्यात उसाचा उतारा पाहतात, तसा येथे गोड्या पाण्याचा उतारा पाहतात. शंभर लिटर समुद्राच्या पाण्यातून ३५ ते ४५ लिटर, तर मचूळ पाण्यातून ६० ते ८० लिटर गोडे पाणी मिळते. उरलेल्या पाण्यात सगळे क्षार एकवटतात. त्याबद्दल पुढे सविस्तर पाहू, कारण खरी मेख तेथेच आहे.

समुद्राचे पाणी की जमिनीखालचे खारे पाणी?

समुद्रातून थेट उचललेल्या पाण्यात गाळ, शेवाळ, सूक्ष्म जीव आणि कधी कधी तेलाचा तवंगही असतो. हे सर्व काढून टाकल्याशिवाय पाणी पडद्यावर सोडता येत नाही, नाहीतर पडदे चोंदतात. पावसाळ्यात आपल्या खाड्यांचे गढूळ पाणी पाहिले की ही अडचण लक्षात येईल.

किनाऱ्यावरील विहिरीतून घेतलेले खारे पाणी वाळूच्या थरातून गाळून आलेले असते. ते निवळशंख असते, त्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही आणि त्यात जीवजंतू कमी असतात. त्यामुळे पूर्वप्रक्रियेचा खर्च वाचतो व पडदे अधिक काळ टिकतात. माल्टा या लहानशा बेटावर १९८० च्या दशकाच्या प्रारंभापासून किनाऱ्यावरील विहिरींच्या खाऱ्या पाण्यावर असे प्रकल्प चालत आले आहेत.

या पाण्याचे काही दोषही आहेत. जमिनीखाली हवा नसल्याने त्यात लोह व मँगेनीज विरघळलेले असू शकते. काढताना पाणी स्वच्छ दिसते, पण बादलीत तासभर ठेवल्यावर तांबूस होते, ही लोहाची खूण आहे. असे पाणी पंप व नळ्यांमध्ये हवा शिरू न देता पडद्यापर्यंत न्यावे किंवा आधी लोह काढून टाकावे. कातळाच्या भागात सिलिका, तर इतरत्र चुन्याचे क्षार जास्त असू शकतात आणि त्यांची पुटे पडद्यावर चढतात. निर्जंतुक करण्यासाठी क्लोरीन वापरले असेल, तर ते पडद्यापर्यंत पोहोचता कामा नये. आजचे बहुतेक पडदे क्लोरीनने खराब होतात. म्हणून विक्रेत्याने तुमच्या पाण्याचा पूर्ण पृथक्करण अहवाल पाहिल्याशिवाय संच सुचवला, तर तो घेऊ नये.

उपसा कोठून करावा?

येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटेल, पण ती समजून घेण्यासारखी आहे. गोड्या पाण्याच्या थरातून उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते, हे आपण पाहिले. याउलट समुद्राच्या बाजूला, सीमेच्या बऱ्याच खालून खारे पाणी उपसले, तर सीमा खाली ओढली जाते आणि वरच्या गोड्या पाण्याला जागा मिळते. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर अल्मेरिया शहराच्या निःक्षारीकरण प्रकल्पाला आंदाराक्स नदीच्या मुखाजवळील किनारी विहिरींतून खारे पाणी पुरवले जाते. तेथे स्पॅनिश व इस्रायली अभ्यासकांनी केलेल्या अभ्यासात असा परिणाम दिसून आला आहे.

परंतु यावरून "खारे पाणी कितीही उपसा, फायदाच आहे" असा अर्थ काढू नये. हा फायदा पुढील अटी पाळल्या तरच मिळतो.

१) विहिरीचा पाणी घेणारा जाळीचा भाग पूर्णपणे खाऱ्या थरात असावा आणि वरचा भाग पक्का बंद केलेला असावा. जाळी मधल्या मचूळ थरात असेल, तर गोडे पाणीही ओढले जाते व शेजारच्या विहिरींची पातळी उतरते.

२) उपशाची जागा समुद्र आणि गोड्या विहिरी यांच्या मध्ये, समुद्राच्या बाजूला असावी. वाडीच्या आतल्या अंगाला केलेला उपसा खारे पाणी आत बोलावतो.

३) खाली जाड वाळूचा किंवा भरपूर पाणी देणारा थर हवा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पुळणीची वाळू थोडी आणि तिच्याखाली लगेच कातळ लागतो. तेथे एवढे पाणी मिळेलच असे नाही.

४) आजूबाजूच्या दोन-तीन विहिरींचे पाणी उपसा सुरू करण्यापूर्वी व नंतर दर महिन्याला तपासावे. आकडा चढू लागला, तर उपसा थांबवावा.

तुमची मचूळ झालेली जुनी विहीर या अटींत सहसा बसत नाही. ती गोड्या थरासाठी खणलेली असते. तिच्यातून दिवसरात्र मचूळ पाणी उपसून यंत्राला दिले, तर आज ४,००० मि.ग्रॅ. असलेला खारेपणा दोन उन्हाळ्यांनी कितीतरी वाढलेला आढळेल. मग दाब वाढवा, वीज वाढवा आणि उतारा घटवा, असे चक्र सुरू होते.

परवानगीचाही विचार करावा. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार भरतीरेषेलगत भूजल उपशावर निर्बंध आहेत. स्थानिकांना दिलेल्या सवलती मर्यादित आहेत. महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमानुसार ६० मीटरपेक्षा खोल विहीर शेतीसाठी घेता येत नाही. म्हणून खोदाईपूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारणा करावी.

हिशेब करून पाहा

समजा, एका बागायतदाराला कलमांची रोपवाटिका आणि भाजीपाला यांसाठी फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस, रोज १०,००० लिटर गोडे पाणी हवे आहे. विहिरीच्या पाण्यात दर लिटरला ५,००० मि.ग्रॅ. क्षार आहेत आणि उतारा ६० टक्के मिळतो.

उपसावे लागणारे पाणी : रोज सुमारे १६,७०० लिटर
मिळणारे गोडे पाणी : रोज १०,००० लिटर
उरणारे तीव्र खारे पाणी : रोज सुमारे ६,७०० लिटर, दर लिटरला जवळपास १२,५०० मि.ग्रॅ. क्षार
वीज (हजार लिटरला २ युनिट धरून) : रोज २० युनिट, हंगामात २,४०० युनिट
जमिनीतून वर आलेले क्षार : रोज सुमारे ८३ किलो, हंगामात १० टन

यात यंत्राची किंमत, त्यावरील व्याज, गाळणीचे काडतूस, पुटे रोखणारे रसायन आणि साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलावे लागणारे पडदे यांचा खर्च मिळवावा. मग एकूण खर्चाला एकूण गोड्या पाण्याने भागावे. जो दर येईल तो कागदावर लिहून आपल्या पिकाच्या उत्पन्नाशी ताडून पाहावा.

उन्हाळ्यात एक एकर उभ्या पिकाला रोज ५ मि.मी. पाणी धरले, तरी ते २०,००० लिटर होते. म्हणजे एवढा संच बसवूनही अर्धा एकरच भिजेल. यावरून स्पष्ट होते की हे पाणी उन्हाळी भाताला किंवा पाटाने द्यायचे नव्हे. घरचे पिणे, रोपवाटिका, फवारणी, हरितगृहातील फुले-भाजी अशा थोड्या पाण्यात जास्त मोल देणाऱ्या कामांनाच ते परवडू शकते.

उरलेल्या पाण्याचे काय?

वरच्या हिशेबातील शेवटचा आकडा पुन्हा पाहावा. दहा टन मीठ! ते विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसते, पण तुमच्या शिवारात असते. बरेच जण हे पाणी सरळ व्हाळात किंवा पडीक विहिरीत सोडतात. व्हाळातले पाणी पुढे मुरते आणि खालच्या वाडीची विहीर खारी होते. पडीक विहिरीत सोडलेले पाणी तर फिरून आपल्याच पंपाकडे येते.

या बाबतीत स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील मुर्सिया भागातील शेतकऱ्यांचा अनुभव डोळे उघडणारा आहे. तेथील कार्ताखेनाच्या मैदानात भाजीपाल्याची मोठी शेती आहे. १९७९ पासून ताखो नदीचे पाणी कालव्याने तेथे येऊ लागले. पुढे १९९० च्या दशकातील दुष्काळात कालव्याचे पाणी तुटले, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात लहान संच बसवून जमिनीखालचे मचूळ पाणी गोडे करण्यास सुरुवात केली. पीक वाचले. परंतु त्या भूजलात वर्षानुवर्षांच्या खतांचे नायट्रेट मुरलेले होते. उरलेल्या पाण्यात ते अधिकच तीव्र झाले आणि ओढ्या-नाल्यांनी, नळ्यांनी 'मार मेनोर' या सुमारे १३५ चौरस किलोमीटरच्या खाजणात जाऊन मिळू लागले. शेतांतून वाहून येणारी खते आणि सांडपाणीही त्यात होतेच. २०१६ साली त्या निर्मळ पाण्यात शेवाळ माजून ते हिरवेगार झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये प्राणवायू संपून टनावारी मासे काठावर येऊन मेले. बेकायदा संचांवर खटले उभे राहिले आणि २०२२ साली स्पेनच्या संसदेने त्या खाजणाला व्यक्तीप्रमाणे कायदेशीर हक्क देणारा कायदा केला. शेतकऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. उरलेले पाणी कुठे जाते, याचा हिशेब कोणी वेळेवर मांडला नव्हता. आपल्या खाडीत कालवे, तिसऱ्या आणि मासळी यांवर जगणारी कुटुंबे आहेत, हे आपणही विसरू नये.

मग करावे काय? प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या उथळ तळ्यात हे पाणी वाळवता येते. रोज ५ मि.मी. बाष्पीभवन धरल्यास वरील उदाहरणातील ६,७०० लिटरसाठी तेरा गुंठ्यांहून अधिक जागा लागेल. पाणी तीव्र होत गेले की वाळण्याचा वेग मंदावतो, म्हणून प्रत्यक्षात जागा याहून जास्त धरावी. आणि मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी साठलेले मीठ उचलावेच लागेल, नाहीतर पहिल्याच सरीत ते शिवारभर होईल. जवळ चालू मिठागर असल्यास तेथे विचारणा करता येईल. खाडीच्या मुखाशी, वाहत्या ओहोटीत, परवानगीने सोडणे हा एक मार्ग आहे, पण तो एकेकट्याने करण्याचा नाही. यांपैकी एकही सोय नसेल, तर संच बसवू नये.

गोडे केलेले पाणी पिकाला देताना

यंत्रातून निघालेल्या पाण्यात क्षार अगदी कमी असतात, पण त्याबरोबर कॅल्शियम व मॅग्नेशियमही निघून जाते. जे थोडे क्षार उरतात त्यांत सोडियमच मुख्य असते. इस्रायलमध्ये अॅश्कलॉन येथील मोठ्या प्रकल्पाचे पाणी २००५ नंतर शेतीपर्यंत पोहोचले, तेव्हा टोमॅटोसारख्या पिकांत मॅग्नेशियमच्या कमतरतेची लक्षणे दिसली व ते खतांतून द्यावे लागले. त्यामुळे पुढील गोष्टी कराव्यात.

मूळ पाणी थोडे मिसळावे. वरील उदाहरणात गोड्या पाण्यात १५० मि.ग्रॅ. क्षार राहिले असे धरले, तर नऊ भाग गोडे व एक भाग विहिरीचे पाणी मिसळल्यास मिश्रणात सुमारे ६३५ मि.ग्रॅ., म्हणजे विद्युतवाहकता १ येईल. बहुतेक भाजीपाल्याला ते चालते आणि यंत्राचे कामही तितके कमी होते. घेवड्यासारख्या नाजूक पिकाला व पिण्याला मात्र मिश्रण वापरू नये.

जमिनीच्या तपासणीनुसार जिप्सम आणि गरजेप्रमाणे मॅग्नेशियम सल्फेट द्यावे. नुसत्या सोडियमच्या पाण्याने भारी जमिनीची घडण बिघडते व पाणी मुरेनासे होते.

समुद्राइतके खारे पाणी वापरत असल्यास बोरॉन तपासावे. समुद्राच्या पाण्यात ते दर लिटरला सुमारे ४.५ मि.ग्रॅ. असते आणि पडद्यातून बरेचसे निसटते. लिंबूवर्गीय झाडांना अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच्या वरही त्रास होतो. पानांची टोके व कडा करपतात.

यंत्राआधी पावसाचे पाणी

ज्या कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो, तेथे खारे पाणी गोडे करण्याची वेळ येणे ही विचार करण्याची बाब आहे. शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपरावर एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी पडते. वीस टक्के वाया गेले, तरी २ लाख ४० हजार लिटर उरते. वरच्या संचाला एवढे पाणी तयार करण्यास २४ दिवस आणि सुमारे ४८० युनिट वीज लागेल. हे पाणी गाळून टाकीत साठवावे, अस्तराच्या शेततळ्यात घ्यावे किंवा विहिरीत मुरवावे. मुरलेले पाणी खाऱ्या पाण्याला खाली दाबते, हे ४० पटींच्या हिशेबाने आता आपल्या लक्षात आलेच असेल.

वसईच्या वाड्यांतील बावखले हे याचे उत्तम उदाहरण आहे. पूर्वजांनी खणलेल्या या तळ्यांत पावसाचे पाणी साठते, मुरते आणि भोवतीच्या विहिरी गोड्या ठेवते. जेथे बावखले बुजवली जातात, तेथे हा आधार तुटतो. आपल्या गावातील असे तळे, जुनी बाव किंवा व्हाळावरचा कच्चा बंधारा यंदाच्या दिवाळीनंतर गावाने मिळून दुरुस्त केला, तर त्याचा खर्च एका संचाच्या किमतीपुढे किरकोळ ठरेल. तसेच खारबंदिस्तीची उघाडी नादुरुस्त असल्यास उधाणाचे पाणी आत शिरते व विहिरी खारावतात. ती आधी दुरुस्त करून घ्यावी.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) विहीर मचूळ होताच खोल खणू नका. उपसा कमी करा, थोडा थोडा वेळ व लहान पंपाने पाणी काढा.

२) वर्षातून तीन वेळा वरचे व तळाचे पाणी तपासून नोंद ठेवा.

३) आधी पाऊस मुरवा व साठवा, ठिबक व आच्छादन वापरा, पाण्याच्या प्रतीप्रमाणे पीक निवडा. संचाचा विचार त्यानंतर करा.

४) संच घ्यायचाच तर पाण्याचा पूर्ण पृथक्करण अहवाल, उपशाची योग्य जागा, परवानगी आणि उरलेल्या पाण्याची सोय या चार गोष्टी आधी हातात असू द्या.

५) एकट्याने न घेता पाच-दहा बागायतदारांनी मिळून घेतल्यास देखभालीला माणूस ठेवणे आणि उरलेल्या पाण्याची व्यवस्था करणे सोपे जाते.

पाणी व मातीच्या तपासणीसाठी नजीकचे कृषि विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठाचे संशोधन केंद्र येथे संपर्क साधावा. खारे पाणी गोडे करणारे यंत्र बाजारात विकत मिळते. खारी झालेली विहीर मात्र पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात. तेव्हा जी विहीर अजून गोडी आहे, तिला आधी जपा.